पाच लिटरचा हिशेब

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय, व्याख्यानमालेचे कार्यकर्ते, आणि मे महिन्याच्या उकाड्यात, तेही क्रिकेटचा सामना चालू असताना, रक्तावरचं भाषण ऐकायला आलेले आपण सगळे! आपल्या चिकाटीला आधी नमस्कार. (हशा)

पत्रिकेवर विषय छापलाय ‘मानवी रक्त : घटक, कार्य आणि रक्ताभिसरण’. हे सगळं एका तासात बसवतो असा शब्द मी कार्यवाहांना फोनवर दिला होता. पण ज्याची उभी नोकरी रक्तपेढीत गेली, त्याला रक्तावर बोलायला सांगायचं आणि वर घड्याळ दाखवायचं हा जरा अन्यायच आहे. तेव्हा हृदयापर्यंत पोचायला उशीर झाला तर सांभाळून घ्या.

एक सोपा प्रश्न विचारतो. माणसाच्या अंगात रक्त किती असतं? सांगा, सांगा, घाबरू नका. दहा लिटर? मागून कोण म्हणालं, पंधरा? काका, पंधरा लिटर रक्त असलेला माणूस खुर्चीत मावणार नाही. (हशा) किलोमागे साधारण ७० मिलिलिटर धरा. साठ किलोच्या माणसात सव्वाचार लिटर, सत्तर किलोच्या माणसात पाचला थोडं कमी. अध्यक्षांचा आकडा मी व्यासपीठावरून काढत नाही. आजच्या पुरता पाच लिटर हा आकडा धरून चालू. माझं सगळं म्हणणं या पाच लिटरच्या जमाखर्चाबद्दल आहे.

हे रक्त नळीत घेतलं, गोठू नये म्हणून औषध घातलं आणि यंत्रात गरगरा फिरवलं, की त्याचे थर होतात. खाली गडद लाल थर, साधारण ४५ टक्के. त्याच्यावर एक पांढुरकी, कागदासारखी पातळ रेघ, एक टक्कासुद्धा नाही. आणि सगळ्यात वर पिवळसर, पारदर्शक पाणी, ५५ टक्के. हा प्लाझ्मा. पाठ्यपुस्तकातला शब्द रक्तद्राव, पण आमच्या पेढीत शिपायापासून साहेबापर्यंत सगळे प्लाझ्माच म्हणायचे. बघा, ज्याला आपण लाल म्हणून ओळखतो त्याचा अर्ध्याहून जास्त भाग लाल नाहीच. तरी दवाखान्यातून बाहेर पडणारा प्रत्येक माणूस एकच आकडा पाठ करून येतो, ‘हिमोग्लोबिन दहा आलं.’ अल्ब्युमिन किती आलं हे मला आजवर कुणी आपणहून सांगितलेलं नाही.

या प्लाझ्मात नव्वद टक्क्यांच्या वर पाणी, सात टक्क्यांच्या आसपास प्रथिनं, आणि उरलेल्या चिमूटभर जागेत मीठ, साखर, चरबी, संप्रेरकं, युरिया, तुम्ही सकाळी घेतलेली बीपीची गोळी, सगळं. प्रथिनांत सगळ्यात जास्त अल्ब्युमिन. ते यकृत बनवतं आणि त्याचं मोठं काम म्हणजे पाणी रक्तवाहिनीत धरून ठेवणं. अल्ब्युमिन घसरलं की पाणी बाहेर झिरपतं. मग पाय सुजतात, यकृत खराब झालेल्या माणसाचं पोट पाण्यानं फुगतं. कुपोषित मुलाचे हातपाय काड्यांसारखे आणि पाऊल मात्र सुजलेलं, हे ज्यांनी मेळघाटात किंवा नंदुरबारकडे पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. दुसरी प्रथिनं म्हणजे ग्लोब्युलिनं. आपली प्रतिपिंडं, लस घेतल्यावर तयार होतात ती, यांच्यातच मोडतात. तिसरं फायब्रिनोजेन. तुम्ही भाजी चिरताना बोट कापलं, की याच विरघळलेल्या प्रथिनाचे धागे होतात आणि त्यांच्या जाळ्यात पेशी अडकून गाठ बनते. गाठ बनली की उरलेल्या पाण्याला सीरम म्हणायचं.

आणि मधली ती पातळ रेघ! तिच्यात पांढऱ्या पेशी आणि रक्त गोठायला मदत करणाऱ्या प्लेटलेट्स. पांढऱ्या पेशी रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये, म्हणजे मिलिलिटरच्या हजाराव्या भागात, ४ ते ११ हजार. प्लेटलेट्स तेवढ्याच रक्तात दीड ते साडेचार लाख. डेंग्यूचा ताप आला की घराघरात ‘पांढऱ्या पेशी कमी झाल्या’ म्हणून आरडाओरडा होतो, तेव्हा बहुतेक वेळा बोलणं चाललेलं असतं प्लेटलेट्सबद्दल. मग पपईच्या पानांवर धाड. आमच्या कॉलनीत एका पावसाळ्यात पपईच्या झाडाला एक पान उरलं नव्हतं, आणि झाडाच्या मालकाला डेंग्यू झालाच नव्हता. (हशा) डेंग्यूत प्लेटलेट्स उतरतात आणि ताप गेल्यावर बहुतेकांच्या आपोआप वर येतात. श्रेय मात्र पपईला.

आता लाल थर. तांबडी पेशी साडेसात मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या साडेसात पटीच्या, आसपास, दोन्ही बाजूंनी मध्ये दबलेली. तिच्यात केंद्रक नाही. हाडांतल्या मज्जेतून बाहेर पडताना ती ते टाकून देते. का? आत जास्तीत जास्त हिमोग्लोबिन मावावं म्हणून, असं समजा. एका पेशीत हिमोग्लोबिनचे पंचवीस कोटींच्या वर रेणू असतात, आणि प्रत्येक रेणू ऑक्सिजनचे चार रेणू उचलू शकतो. पण केंद्रक नाही म्हणजे दुरुस्ती नाही, नवी प्रथिनं नाहीत, काही नाही. जेवढं घेऊन निघाली तेवढ्यावर १२० दिवस काढायचे. मग प्लीहेत, म्हणजे पानथरीत, आणि यकृतात भक्षक पेशी तिला गिळतात.

इथे माझा आवडता गुणाकार येतो, वह्या काढा. एका मायक्रोलिटरमध्ये तांबड्या पेशी ५० लाख. पाच लिटरमध्ये झाल्या २५ लाख कोटी. आयुष्य १२० दिवस. भागाकार करा. रोज वीस हजार कोटींच्या वर पेशी मरतात आणि तेवढ्याच नव्या बनतात. सेकंदाला वीस लाखांहून जास्त! मी ‘अध्यक्ष महोदय’ म्हटलं तेवढ्यात तुमच्या प्रत्येकाच्या बरगड्यांत, मणक्यांत, छातीच्या आणि कमरेच्या हाडांत चाळीस-पन्नास लाख तांबड्या पेशी तयार होऊन बाहेर पडल्या. ऑर्डर मूत्रपिंडाकडून जाते. तिथे ऑक्सिजन कमी पडतोय असं जाणवलं की एरिथ्रोपोएटिन नावाचं संप्रेरक निघतं आणि मज्जा कामाला लागते. मूत्रपिंडं निकामी झालेल्यांना रक्तक्षय होतो तो बऱ्याच अंशी याच्यामुळे.

आणि लोह? एवढ्या पेशींना रोज वीस ते पंचवीस मिलिग्रॅम लोह लागतं. जेवणातून आत शिरतं फार तर एक-दोन मिलिग्रॅम. बाकीचं सगळं मेलेल्या पेशींतून परत. लोखंडी कढई, खजूर, गूळ, सगळं चांगलंच आहे, मी नाही म्हणत नाही. पण शरीराचा खरा भरवसा बाहेरच्या आवकेवर नाही, घरातल्या घरात फिरवण्यावर आहे. लोह काढून घेतल्यावर हिमोग्लोबिनचं जे उरतं त्याचं पुढे बिलिरुबिन होतं, पित्तातून जातं, आणि आपण सकाळी संडासात जो रंग बघतो तो त्याचाच. जेवायच्या आधीचं भाषण आहे हे माझ्या लक्षात आहे, पुढे जातो. (हशा)

मुद्दा असा, की रक्त ही सतत बनणारी आणि सतत मोडणारी चीज आहे. शरीराकडे तयार रक्ताचं मोठं कोठार नाही. कुत्र्या-घोड्याच्या प्लीहेत बऱ्यापैकी साठा असतो, धावायची वेळ आली की ती आकसून रक्त सोडते. माणसाच्या प्लीहेची त्या मानाने ऐपत नाही. आणि जे शरीरात साठत नाही, ते फ्रीजमध्ये तरी किती साठणार?

आता मला जे बोलायचं आहे ते बोलतो. कार्यवाहांनी कान झाकून घ्यावेत, कारण पुढच्या महिन्यात त्यांच्याही मंडळाचं शिबिर आहे असं बाहेरच्या फलकावर वाचलंय.

आमच्या पेढीच्या हद्दीत एक नेते होते. नाव, गाव, पक्ष सांगत नाही. तुम्ही मनात जे नाव घेतलंत तेही नाही. (हशा) त्यांचा वाढदिवस. कार्यकर्त्यांनी ठरवलं की यंदा एक हजार एक पिशव्या. त्यांच्या स्वीय सहायकाचा मला फोन, ‘डॉक्टरसाहेब, साहेबांचा संकल्प आहे.’ म्हटलं, ‘फार छान. पण आमच्या फ्रीजमध्ये एवढी जागा नाही, तंत्रज्ञ मोजके आहेत. दोनशे आज करू, दोनशे पुढच्या महिन्यात, दोनशे गणपतीच्या आधी. सगळी साहेबांच्या नावावर लिहू.’ पलीकडे शांतता. मग म्हणतात, ‘पण वाढदिवस एकाच दिवशी असतो ना साहेब.’ आता याला काय उत्तर आहे? जन्मच एका दिवशी झालेला, हप्त्याहप्त्यानं थोडाच झालाय!

मग ते झालं. मांडव, ढोलताशा, कमान. प्रत्येक दात्याला हेल्मेट. हेल्मेट वाईट वस्तू नाही, अपघात वाचला तर रक्त तरी वाचेल. पण भेट ठेवली की माणूस प्रश्नावलीला खरी उत्तरं देत नाही. कावीळ झाली होती का? नाही. औषधं चालू आहेत? नाही. शेवटचं रक्तदान कधी? कधीच नाही. आणि दंडावर मागच्या महिन्यातली चिकटपट्टीची खूण! त्या शिबिरात कुकर होता म्हणे. (हशा) नियम पाठ करून ठेवा. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५ च्या खाली नको, दोन दानांत पुरुषांना तीन महिने आणि बायकांना चार महिने अंतर. एका पिशवीबरोबर दीडशे मिलिग्रॅमच्या पुढे लोह जातं. पाणी एक-दोन दिवसांत भरून निघतं, पेशींना आठवडे लागतात, लोहाला त्याहून जास्त. तीन महिन्यांचा नियम कुणा बाबूच्या डोक्यातून आलेला नाही, त्याला हे कारण आहे.

तर रात्री पिशव्यांनी भरलेली गाडी आली. आता एक पिशवी म्हणजे काय? ३५० किंवा ४५० मिलिलिटर रक्त आणि गोठू नये म्हणून सायट्रेटचं द्रावण. सायट्रेट कॅल्शियमला बांधून ठेवतं, आणि कॅल्शियमवाचून गाठ बनत नाही. १९१४-१५च्या सुमारास ही युक्ती जमली तोवर दाता आणि रुग्ण शेजारी शेजारी ठेवावे लागायचे. मग १९३७मध्ये शिकागोच्या कुक काउंटी रुग्णालयात बर्नार्ड फँटसनं पेढी उघडली, ‘ब्लड बँक’ हे नाव त्याचंच. त्याच सुमाराला नॉर्मन बेथ्यून हा कॅनडाचा सर्जन स्पेनच्या यादवी युद्धात गाडीतून बाटलीबंद रक्त घेऊन आघाडीवर जात होता. हा बेथ्यून पुढे चीनमध्ये गेला आणि तिथेच वारला. त्याच्या नावानं निघालेल्या रुग्णालयाचे पहिले प्रमुख झाले आपले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. सोलापूरचं कुणी आहे का सभागृहात? आहेत? वाटलंच, हात लगेच वर आला.

कुठे होतो मी? हां, गाडी. ही पिशवी आली की पाच-सहा तासांत, फार तर आठ तासांत, तिचे घटक वेगळे करायला लागतात. तांबड्या पेशी एका पिशवीत, प्लाझ्मा दुसऱ्या, प्लेटलेट्स तिसऱ्या. अपघातातल्या माणसाला पेशी लागतात, भाजलेल्याला किंवा यकृताच्या रुग्णाला प्लाझ्मा, डेंग्यूत रक्तस्राव होणाऱ्याला किंवा केमो चालू असलेल्याला प्लेटलेट्स. प्लाझ्मापासून पुढे कारखान्यात अल्ब्युमिन निघतं, हिमोफिलियाच्या, म्हणजे रक्त नीट न गोठणाऱ्या मुलांना लागणारा, रक्त गोठवणारा आठवा घटक निघतो. म्हणजे एका दात्याकडून तिघांचं काम. आमच्या यंत्रात एका वेळी मोजक्या पिशव्या मावतात आणि फेरी संपायला वेळ लागतो. रात्रभर यंत्र फिरलं, पोरांनी चहावर रात्र काढली, तरी बहुतेक पिशव्यांची वेळ टळून गेली. त्या तशाच अखंड रक्त म्हणून फ्रीजमध्ये गेल्या. तिघांचं काम एकावर आलं.

आता तारखा लावा. समजा वाढदिवस १५ मे. अखंड रक्त दोन ते सहा अंश तापमानात टिकतं ३५ दिवस. १५ मे अधिक ३५, म्हणजे १९ जून. वेगळ्या केलेल्या पेशींना पोषक द्रावण घातलं तर ४२ दिवस. प्लेटलेट्स खोलीच्या तापमानात, हलत्या फळीवर, फक्त पाच दिवस. गोठवलेला प्लाझ्मा तेवढा वर्षभर. आणि हजार दाते? ते १५ ऑगस्टपर्यंत पुन्हा रक्त देऊ शकत नाहीत! १९ जून ते १५ ऑगस्ट, ऐन पावसाळा, डेंग्यू-मलेरिया-लेप्टोचा हंगाम, आणि आख्ख्या तालुक्यातले धडधाकट दाते घरी बसलेले, डोक्यावर नवीन हेल्मेट. (हशा) मग १५ ऑगस्टला स्वातंत्र्यदिनाची शिबिरं. एकाच सकाळी अकरा ठिकाणी. पुन्हा तोच प्रकार.

शेजारच्या पेढ्यांना दिल्या, जिल्ह्याला दिल्या, तरी बऱ्याच पिशव्यांची मुदत संपली. मुदत संपलेलं रक्त ऑटोक्लेव्ह करून, म्हणजे दाबाखालच्या वाफेत निर्जंतुक करून, नष्ट करतात. ज्या पोरानं सुईची भीती असून डोळे मिटून हात पुढे केला, त्याला हे कोण सांगणार?

आणि खरी गंमत पुढे आहे. ऑगस्टच्या सुरुवातीला त्याच सहायकाचा फोन. साहेबांच्या एका नातेवाइकाला प्लेटलेट्स हव्यात, चार पिशव्या, तासाभरात. म्हटलं, आत्ता शिल्लक नाहीत, दाते पाठवा. तर म्हणतात, ‘अहो, मे महिन्यात तुम्हाला हजार पिशव्या दिल्या, त्या काय केल्या?’ मी सांगितलं, प्लेटलेट्स पाच दिवस टिकतात. त्यांना वाटलं मी थट्टा करतोय. शेवटी दाते आले, काम झालं, पण ‘ब्लड बँकवाले रक्त विकतात’ ही ओळ त्यांनी फोन ठेवताना ऐकवलीच. रक्त विकता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८पासून पैसे घेऊन रक्त देणारे धंदेवाईक दाते बंद झाले. जे पैसे घेतात ते पिशवी, चाचण्या आणि साठवणीचे. प्रत्येक पिशवी एचआयव्ही, दोन प्रकारच्या कावीळ, गुप्तरोग आणि मलेरिया यांसाठी तपासावी लागते.

लग्नाची पंगत कितीही मोठी घातलीत तरी उद्याचा डबा उद्याच करावा लागतो. थॅलॅसेमिया म्हणजे हिमोग्लोबिन नीट न बनण्याचा आनुवंशिक आजार, त्या मुलाला दर तीन-चार आठवड्यांनी रक्त लागतं, जन्मभर. आपल्याकडे सिंधी, कच्छी, लोहाणा समाजांत तो जास्त दिसतो. गडचिरोली-नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल, म्हणजे तांबडी पेशी कोयत्यासारखी वाकण्याचा आनुवंशिक आजार. त्या मुलांच्या आया आमच्या बाकड्यावर बसायच्या तेव्हा त्यांच्या पिशवीत वही असायची, मागची तारीख, पुढची तारीख, दात्याचं नाव, फोन. एकेका मुलामागे आठ-दहा दाते वर्षभर लावून ठेवलेले. त्या बायकांना रक्तपेढीचं शास्त्र माझ्या साहेबांपेक्षा जास्त कळत होतं. त्यांना कमान नको, ढोल नको. त्यांना हवा असतो फेब्रुवारीच्या एखाद्या फालतू मंगळवारी येऊन गपचूप रक्त देऊन जाणारा माणूस.

रक्तगटांबद्दल बोललो नाही तर मुंबईची माणसं नाराज होतील. कार्ल लँडस्टायनरनं १९०१मध्ये व्हिएन्नात ए, बी, ओ दाखवले, १९३०मध्ये नोबेल मिळालं, आणि १४ जून हा त्याचा जन्मदिवस आपण जागतिक रक्तदाता दिन म्हणून पाळतो, शिबिरांसह. (हशा) तांबड्या पेशीच्या अंगावर एच नावाचा एक पदार्थ असतो, त्यावर एक साखर चढली की ए, दुसरी चढली की बी, काहीच नाही चढलं तर ओ. म्हणजे ओवाल्याकडेही एच असतोच. पण १९५२मध्ये परळच्या केईएम रुग्णालयातले डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये असं रक्त जगापुढे ठेवलं, ज्यात एचच नाही! त्याचं नाव बॉम्बे ब्लड ग्रुप. शहराचं नाव बदललं, गटाचं बदललं नाही.

यातली मेख लक्षात घ्या. नेहमीच्या साध्या चाचणीत हा माणूस ओ दिसतो, कारण ए नाही आणि बी नाही. पण त्याच्या प्लाझ्मात एचविरुद्ध प्रतिपिंडं तयार. ओची पिशवी लावली तर ती त्या पेशी फोडणार आणि माणूस दगावू शकतो. म्हणून आम्ही उलटी चाचणीही करतो, रुग्णाचा प्लाझ्मा घेऊन तो ओच्या पेशींवर घालून बघतो. गुठळ्या झाल्या की तंत्रज्ञाच्या कपाळावर आठ्या. भारतात दहा हजारांत साधारण एक असा माणूस. त्याला फक्त बॉम्बेचंच रक्त चालतं. मग रात्री दोनला फोनाफोनी, पुण्याचा दाता, सांगलीचा दाता, एसटीनं बर्फाच्या पेटीतून पिशवी. सगळ्या जगाला देता येणारं रक्त म्हणून ओ निगेटिव्हचं कौतुक होतं ना, तेही या माणसाला चालत नाही. आणि बघा, इथेही प्लाझ्माच! घोटाळा पकडला कुणी? पिवळ्या पाण्यानं.

चिठ्ठी आली आहे. ‘दहा मिनिटे.’ आणि खाली ‘हृदय?’ असं लिहून त्याला दोनदा अधोरेखित केलंय. (हशा) बरोबर आहे. घेतो हृदय.

दुसऱ्या शतकात गॅलेन नावाचा ग्रीक वैद्य म्हणाला की यकृत अन्नापासून रक्त बनवतं, ते अंगात पसरतं आणि तिथेच खर्च होतं. चौदाशे वर्षं युरोप हेच शिकला. विल्यम हार्वी नावाच्या इंग्रज वैद्यानं १६२८मध्ये छोटंसं लॅटिन पुस्तक छापलं आणि त्यात आपण मघाशी केला तसा गुणाकार केला. ठोक्याला अर्धा औंस धरा, अर्ध्या तासात हजार ठोके, झाले पाचशे औंस. चौदा किलो! अर्ध्या तासात एवढं रक्त यकृत कुठून बनवणार, आणि अंग ते कुठे जिरवणार? तेव्हा तेच रक्त फिरून परत येत असणार. त्यानं मुद्दाम कमी धरलं होतं. आज आपण ठोक्याला ७० मिलिलिटर, मिनिटाला ७० ठोके धरतो, म्हणजे पाच लिटर. अंगातलं सगळं रक्त मिनिटाभरात एकदा फिरून येतं. दिवसाला ठोके लाखभर, रक्त सात हजार लिटर.

रस्ता असा. अंगभरातून आलेलं ऑक्सिजन कमी झालेलं रक्त उजव्या कर्णिकेत, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यात, तिथून उजव्या जवनिकेत, म्हणजे खालच्या कप्प्यात, तिथून फुप्फुसात. ऑक्सिजन घेऊन डाव्या कर्णिकेत, डाव्या जवनिकेत, मग महारोहिणीतून सगळीकडे. उजव्या बाजूला दाब कमी, पंचवीसच्या आसपास. डावीकडे तुमचा तो १२०, म्हणून डाव्या जवनिकेची भिंत जाड. फुप्फुसातला हा फेरा तेराव्या शतकात कैरोच्या इब्न अल-नफीसनं लिहून ठेवला होता, हार्वीच्या खूप आधी. हृदयाकडून रक्त नेणाऱ्या रोहिणी आणि परत आणणाऱ्या नीला यांना जोडणाऱ्या केशवाहिन्या मात्र हार्वीला दिसल्या नाहीत, सूक्ष्मदर्शक हवा होता. इटलीच्या मालपीगीनं १६६१मध्ये बेडकाच्या फुप्फुसात त्या पाहिल्या, तोवर हार्वीला जाऊन चार वर्षं झाली होती. या नळ्या इतक्या बारीक की तांबडी पेशी दुमडून, एकामागे एक अशी सरकते. महारोहिणीत सेकंदाला तीसएक सेंटिमीटर पळणारं रक्त इथे मिलिमीटरच्याही खाली येतं. देवाणघेवाणीला वेळ मिळतो तो इथेच.

कोणाला किती जातं? विश्रांतीत मूत्रपिंडांना वीस-बावीस टक्के, मेंदूला पंधराच्या आसपास. धावायला लागलात की स्नायूंना बराच मोठा वाटा, आतड्यांचा कमी. अंगातलं निम्म्याहून जास्त रक्त कुठल्याही क्षणी नीलांमध्ये असतं. पायातलं वर चढतं ते पोटऱ्यांचे स्नायू दाबतात आणि झडपा मागे जाऊ देत नाहीत म्हणून. तेव्हा तासभर मांडी न बदलता बसलेल्यांनी आता पाय हलवायला हरकत नाही. (हशा) हृदयाला स्वतःचं रक्त मिळतं ते मुख्यतः दोन ठोक्यांच्या मधल्या विसाव्यात. ठोके फार वाढले की विसावा आखडतो, म्हणून आजारी हृदयाला धडधड परवडत नाही.

या झडपा हार्वीनं दंडाला पट्टी बांधून दाखवल्या. तुम्हीही करून बघा. हात खाली सोडा, शीर फुगली की एका बोटानं दाबून ठेवा, दुसऱ्या बोटानं तिथून वर खांद्याकडे रक्त सारा आणि दुसरं बोट सोडा. शीर रिकामी राहते, वरून परत भरत नाही. खालचं बोट उचललं की लगेच भरते. रक्त नीलेतून एकाच दिशेनं जातं हे सिद्ध करायला त्याला याहून जास्त सामान लागलं नाही.

यकृताकडे जाणारी वेगळी वाट राहिली, लसिका राहिली, गर्भातलं अभिसरण तर नावालाही आलं नाही. अध्यक्ष आता घड्याळाकडे बघत नाहीत, थेट माझ्याकडे बघताहेत. प्रश्न असतील त्यांनी मला चहाच्या टेबलापाशी गाठा. आणि कार्यवाह, तुमच्या त्या शिबिराचं जरा बोलू. चार मंगळवारांत वाटून होतंय का बघा, मी पेढीला फोन करतो. नमस्कार.